उत्तर ध्रुवाखालचं तेल कुणाचं, आणि ते घेणार कोण?

ग्रीनलँड विकत घेण्याची भाषा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी २०१९ मध्ये पहिल्यांदा केली, तेव्हा जगानं ती फारशी मनावर घेतली नाही. २०२५ मध्ये सत्तेवर परतल्यावर त्यांनी तीच मागणी लावून धरली. लष्करी बळ वापरणार नाही, एवढं सांगायलाही त्यांनी नकार दिला आणि डेन्मार्कसह अख्ख्या युरोपची झोप उडाली. तेव्हापासून उत्तर ध्रुवाभोवतालचा प्रदेश, म्हणजे आर्क्टिक, सतत बातम्यांत आहे. बातम्यांमधलं चित्र साधारण एकसारखंच असतं: बर्फ वितळतोय, त्याखाली तेल आणि नैसर्गिक वायूचे प्रचंड साठे आहेत, तिथे कायदा कुणाचाच चालत नाही आणि बडे देश त्यावर तुटून पडले आहेत.

यातला बर्फाचा भाग खरा आहे. साठ्यांचा भाग बराचसा खरा आहे. पण तिथे कायदा नाही, हे साफ चूक. आर्क्टिकमधलं बहुतांश तेल आणि वायू कुणाच्या मालकीचा आहे, हे जवळजवळ ठरलेलं आहे. ठरायचं आहे ते वेगळंच: तो बाहेर काढणं परवडेल का, विकत कोण घेईल आणि त्याची झळ कुणाला बसेल. शेवटच्या दोन प्रश्नांत भारत थेट येतो, म्हणून हा विषय मुळापासून समजून घ्यायला हवा.

## आधी भूगोल, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो

पृथ्वीचे दोन ध्रुव एकमेकांच्या अगदी उलट आहेत. दक्षिण ध्रुवावर जमीन आहे, अंटार्क्टिका नावाचं अख्खं खंड, आणि त्याच्या चहूबाजूंना समुद्र. तिथे मूळची मनुष्यवस्ती नाही. त्यामुळे १९५९ मध्ये बारा देशांना एकत्र बसून करार करता आला: कुणाचेही जुने दावे पुढे रेटायचे नाहीत, लष्करी तळ नाहीत, फक्त संशोधन. १९९१ मध्ये तिथल्या खाणकामावरही बंदी आली.

उत्तर ध्रुवावर मात्र समुद्र आहे. साधारण १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटरचा आर्क्टिक महासागर, वर तरंगता बर्फ, आणि भोवती देशांच्या किनाऱ्यांचा वेढा. रशिया, कॅनडा, नॉर्वे, अमेरिका (अलास्कामुळे) आणि डेन्मार्क (ग्रीनलँडमुळे) या पाच देशांचे किनारे या समुद्राला लागतात. स्वीडन, फिनलंड आणि आइसलँड यांचा काही भूभाग आर्क्टिक वृत्ताच्या आत येतो. असे एकूण आठ देश. या सगळ्या पट्ट्यात सुमारे चाळीस लाख माणसं राहतात. मुर्मान्स्कसारखं अडीच लाखांहून मोठं शहर तिथे आहे, बंदरं आहेत, खाणी आहेत आणि हजारो वर्षांपासून राहणारे इनुइट, सामी, नेनेत्स असे समाज आहेत.

म्हणूनच 'अंटार्क्टिकासारखा करार इथेही का करत नाहीत?' या प्रश्नाचं उत्तर अवघड आहे. अंटार्क्टिकाच्या वेळी कुणालाच आपलं घरदार सोडावं लागलं नव्हतं. इथे पाच देशांना आपल्याच किनाऱ्यासमोरच्या समुद्रावर पाणी सोडावं लागेल. २००८ मध्ये ग्रीनलँडच्या इलुलिसॅट गावी या पाच देशांनी एकत्र येऊन जाहीरच केलं की वेगळ्या कराराची गरज नाही, समुद्राचा प्रचलित कायदा पुरेसा आहे.

## समुद्राची वाटणी कशी होते?

हा प्रचलित कायदा म्हणजे १९८२ चा संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायदा करार. अमेरिकेनं त्याला अजूनही औपचारिक मान्यता दिलेली नाही, पण व्यवहारात ती त्यातले बहुतेक नियम पाळते. नियम असे: किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा समुद्र त्या देशाचाच. २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत, जहाजं कुणीही नेऊ शकतं, पण मासे, तेल, वायू यांवर हक्क फक्त त्या देशाचा. याला अनन्य आर्थिक क्षेत्र म्हणतात. मुंबईच्या किनाऱ्यापासून दीडेकशे किलोमीटरवर असलेलं 'मुंबई हाय' आपलं आहे, ते याच नियमानं.

गुंता होतो तो २०० मैलांच्या पलीकडे. जमीन किनाऱ्यावर एकदम संपत नाही, ती पाण्याखाली उताराने पुढे जात राहते. या पाण्याखालच्या भागाला भूखंडमंच म्हणतात. आपला भूखंडमंच २०० मैलांच्या पुढेही जातो, असं शास्त्रीय पुराव्यानिशी दाखवता आलं तर त्या देशाला तळाखालच्या खनिजांवर आणखी पुढे हक्क मिळतो. त्यालाही मर्यादा आहेत, साधारण ३५० मैलांपर्यंत.

हे पुरावे तपासायला संयुक्त राष्ट्रांचा एक शास्त्रज्ञांचा आयोग आहे. त्याचं काम गावाकडच्या सरकारी मोजणीसारखं आहे. बांधावरून दोन शेजाऱ्यांचं वाजलं की भूमी अभिलेख कार्यालयाचा भूकरमापक येतो, मोजतो, खुणा रोवतो, नकाशा देतो. पण बांध कुणी कोरला आणि जमीन कुणाची, याचा निवाडा तो करत नाही. तो निवाडा आपसात तरी होतो, नाहीतर कोर्टात. हा आयोगही तसाच, 'भूखंडमंच इथपर्यंत जातो' एवढंच सांगतो. दोन देशांचे दावे एकमेकांवर चढले असतील, तर पुढची तडजोड त्यांनीच करायची.

आर्क्टिकच्या मध्यातून पाण्याखाली लोमोनोसोव्ह नावाची सुमारे १,८०० किलोमीटर लांबीची डोंगररांग जाते, थेट उत्तर ध्रुवाजवळून. रशिया म्हणतो ही सायबेरियाची पुढची शेपटी आहे. डेन्मार्क म्हणतो ग्रीनलँडची. कॅनडाही आपला हक्क सांगतो. रशियानं २००१ मध्ये दावा केला आणि नंतर तो वाढवत नेला, डेन्मार्कनं २०१४ मध्ये केला, कॅनडानं २०१९ मध्ये. तिघांचेही दावे एकमेकांवर चढलेले आहेत.

ऑगस्ट २००७ मध्ये आर्तुर चिलिंगारोव यांच्या नेतृत्वाखालच्या रशियन पथकानं दोन छोट्या पाणबुड्यांतून उत्तर ध्रुवाखाली चार हजार मीटरहून खोल तळावर जाऊन टायटॅनियमचा झेंडा रोवला. त्याची छायाचित्रं जगभर झळकली. कायद्याच्या दृष्टीनं त्या झेंड्याला काडीचीही किंमत नाही. हे काही पंधरावं शतक नाही, असं कॅनडाच्या तेव्हाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी सुनावलं होतं. पण 'ध्रुवासाठी शर्यत' ही कल्पना लोकांच्या मनात पक्की बसली ती त्या छायाचित्रामुळेच.

## मग तेल नेमकं कुठे आहे?

ही शर्यत ज्या भागासाठी आहे, तिथे तेल फारसं नाहीच.

अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेनं २००८ मध्ये मांडलेला अंदाज आजही सगळीकडे वापरला जातो. आर्क्टिकमध्ये अजून न सापडलेलं सुमारे ९० अब्ज बॅरल तेल असावं, म्हणजे जगातल्या न सापडलेल्या तेलाच्या १३ टक्के. वायूचा वाटा ३० टक्के. यातला ८४ टक्के भाग समुद्राखाली आहे, असं तो अहवाल सांगतो. याच अंदाजासोबतची आणखी एक गोष्ट बातम्यांत सहसा येत नाही: हा समुद्र बहुतांशी ५०० मीटरपेक्षा उथळ आहे. उथळ समुद्र म्हणजे किनाऱ्याजवळचा भूखंडमंच, आणि तो बहुतेक सगळा २०० मैलांच्या आत येतो. म्हणजे हे साठे आधीच कुणा ना कुणाच्या निर्विवाद हक्कात आहेत, आणि त्यातला मोठा वाटा रशियाचा.

आकड्याचा आवाकाही समजून घेऊ. जग दिवसाला साधारण १० कोटी बॅरल तेल वापरतं. त्या हिशेबानं ९० अब्ज बॅरल जगाला ९०० दिवस पुरतील, म्हणजे अडीच वर्षं. शिवाय हे सापडलेलं तेल नव्हे, असावं असा अंदाज आहे.

शेजाऱ्यांमधले काही खरे वादही शांतपणे मिटले आहेत. नॉर्वे आणि रशिया यांच्यात बॅरेंट्स समुद्रातल्या पावणेदोन लाख चौरस किलोमीटरचा वाद चाळीस वर्षं रखडला होता. २०१० मध्ये दोघांनी तो जवळपास निम्मा-निम्मा वाटून घेतला. हान्स नावाचं एक उजाड खडकाळ बेट कॅनडा आणि डेन्मार्क यांनी २०२२ मध्ये मधोमध विभागून घेतलं.

## 'साठे आहेत ना, मग आज ना उद्या काढतीलच'

ही शंका स्वाभाविक आहे. पण गेल्या पंधरा वर्षांचा अनुभव काय सांगतो ते पाहा.

शेल कंपनीनं अलास्काजवळच्या चुक्ची समुद्रात सुमारे सात अब्ज डॉलर घातले आणि सप्टेंबर २०१५ मध्ये काम गुंडाळलं. एका विहिरीत जेमतेम खुणा मिळाल्या होत्या. रशियाचं श्तोकमन हे बॅरेंट्स समुद्रातलं वायूक्षेत्र १९८८ मध्ये सापडलं. जगातल्या सर्वांत मोठ्या वायूसाठ्यांपैकी एक. मालकी निर्विवाद, भागीदार म्हणून परदेशी कंपन्या आलेल्या, तरीही २०१२ मध्ये प्रकल्प बासनात गेला, कारण खर्च वाढत गेला आणि अमेरिकेत शेल खडकातून स्वस्त वायू निघू लागला. राजस्थानात बाडमेरला तेल शोधणारी केर्न एनर्जी आपल्याला माहीत आहे. तिनंच २०१०-११ मध्ये ग्रीनलँडच्या पश्चिम किनाऱ्यावर आठ विहिरी खोदल्या आणि विकण्याजोगं काही हाती लागलं नाही. २०२१ मध्ये ग्रीनलँडच्या सरकारनं तेलशोधाचे नवे परवाने देणंच थांबवलं. अलास्कातल्या संरक्षित अभयारण्यातल्या तेलपट्ट्यांचा जानेवारी २०२५ मध्ये लिलाव झाला तेव्हा एकही बोली आली नाही.

कारणं समजायला सोपी आहेत. काही महिने सूर्यच उगवत नाही. वाहता बर्फ समुद्रातल्या तेलविहिरींच्या फलाटांना धडकतो. तेल सांडलं तर बर्फाखालून ते उपसायची खात्रीची पद्धत नाही. १९८९ मध्ये एक्सॉन व्हाल्डेझ जहाजातून अलास्काच्या किनाऱ्यावर सुमारे चार कोटी लिटर तेल सांडलं, तो भाग आर्क्टिक वृत्ताच्या बराच दक्षिणेला होता, तरीही तिथला किनारा सावरायला दशकं लागली. शिवाय बर्फ वितळल्यानं सगळंच सोपं होतं, हाही समज चुकीचा आहे. सायबेरियातली इमारतींखालची, रुळांखालची जमीन वर्षानुवर्षं गोठलेली असते. तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. ती आता विरघळून खचते आहे. मे २०२० मध्ये नोरिल्स्क शहराजवळ एका इंधनटाकीचा आधार खचला आणि वीसेक हजार टन डिझेल नदीनाल्यांत गेलं.

तरीही काही जण टिकून आहेत. नॉर्वेचा हॅमरफेस्टजवळचा वायूप्रकल्प २००७ पासून चालू आहे, आणि तिथल्याच बॅरेंट्स समुद्रातलं योहान कास्टबर्ग तेलक्षेत्र २०२५ मध्ये सुरू झालं. तिथे उबदार सागरी प्रवाहामुळे समुद्र गोठत नाही, हा मोठा फरक. अलास्कात किनाऱ्यावरून तेल निघतं. पण खऱ्या अर्थानं गोठलेल्या समुद्राच्या काठी सगळ्यात मोठा डाव खेळला तो रशियानं.

## साबेत्ता: हा कारखाना चालतो कसा?

यामाल द्वीपकल्पाच्या टोकाला, कारा समुद्राला मिळणाऱ्या ओब नदीच्या खाडीवर साबेत्ता हे बंदर आहे. हिवाळ्यात तापमान उणे ५० अंशांपर्यंत जातं. इथे जमिनीतून वायू निघतो, पण गिऱ्हाईक हजारो किलोमीटर दूर. म्हणून तो उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रवरूप करतात. यालाच एलएनजी म्हणतात. असं केल्यावर त्याचं आकारमान सहाशेपटीनं घटतं आणि तो जहाजात भरता येतो. वायू थंड करायलाच या धंद्यात भरमसाट ऊर्जा लागते, आणि बाहेरची हवाच गोठलेली असल्यानं इथे त्यातली काही वाचते. आर्क्टिकच्या थंडीचा हा एक खरा फायदा.

खरं कौशल्य जहाजांत आहे. या प्रकल्पासाठी दक्षिण कोरियात पंधरा खास जहाजं बांधली गेली. मोकळ्या पाण्यात ती इतर जहाजांसारखी नाळ, म्हणजे जहाजाचं टोक, पुढे ठेवून चालतात. जाड बर्फ लागला की जहाज वळतं आणि मागच्या बाजूनं पुढे सरकू लागतं. त्याचे पंखे गोल फिरणाऱ्या खोबणींत बसवलेले असतात. ते बर्फाखालचं पाणी खेचून घेतात, बर्फ दळून बाजूला फेकतात, आणि दोन मीटर जाडीच्या बर्फातून जहाज उलटं चालत वाट काढतं. ऑगस्ट २०१७ मध्ये यातलं पहिलं जहाज नॉर्वेहून दक्षिण कोरियाला आइसब्रेकरच्या, म्हणजे बर्फ फोडणाऱ्या जहाजाच्या, सोबतीशिवाय १९ दिवसांत पोहोचलं.

या प्रकल्पाला सुमारे २७ अब्ज डॉलर लागले. २०१४ मध्ये रशियानं युक्रेनचा क्रिमिया ताब्यात घेतल्यावरून पाश्चात्त्य निर्बंध आले तेव्हा पैसा चिनी बँकांनी पुरवला. फ्रान्सची टोटल कंपनी आणि चीनची सरकारी तेल कंपनी यांचा प्रत्येकी २० टक्के हिस्सा आहे. डिसेंबर २०१७ मध्ये पहिलं जहाज भरलं. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यानंतरही यातला मोठा भाग युरोपच विकत घेत राहिला, ही गोष्ट युरोपातल्या नेत्यांच्या भाषणांत सहसा ऐकू येत नाही. आता युरोपीय संघानं २०२७ पासून दीर्घ मुदतीचे करारही बंद करायचं ठरवलं आहे.

## गिऱ्हाईक नसलेला गॅस

यामालच्या यशानंतर तो प्रकल्प उभारणाऱ्या नोवाटेक या रशियन कंपनीनं खाडीच्या पलीकडे गिदान द्वीपकल्पावर 'आर्क्टिक एलएनजी २' उभारायला घेतला. वर्षाला सुमारे दोन कोटी टनांचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेनं त्यावर थेट निर्बंध लादले. परदेशी भागीदारांनी हात वर केले, बर्फात चालणारी नवी जहाजं वेळेवर मिळाली नाहीत. तरी ऑगस्ट २०२४ मध्ये काही जहाजं भरली गेली. ती महिनोन्महिने समुद्रात हिंडत राहिली, कारण निर्बंधांच्या भीतीनं कुठलंच बंदर त्यांना उतरवून घेईना. भारतानंही हा माल घेणार नसल्याचं तेव्हा सांगितलं. ऑक्टोबरमध्ये उत्पादन थांबलं. वर्षभरानं, ऑगस्ट २०२५ मध्ये, चीनच्या बेइहाइ बंदरानं पहिला माल उतरवून घेतला आणि मग जहाजांची रीघ लागली.

आर्क्टिकच्या राजकारणाचा गाभा मला या एका गोष्टीत दिसतो. वायू होता, मालकीचा वाद नव्हता, कारखाना तयार होता, जहाजं भरलेली होती. अडलं ते खरेदीदारावाचून. आणि खरेदीदार मिळाला त्या दिवशी सगळं मोकळं झालं. ध्रुवावरच्या झेंड्यापेक्षा बेइहाइच्या धक्क्यावर काय होतं, यानं आर्क्टिकचं भवितव्य जास्त ठरतं.

## उत्तरेचा जलमार्ग सुएझची जागा घेईल का?

रशियाच्या किनाऱ्यानं युरोपातून पूर्व आशियात जाणारा उत्तर सागरी मार्ग सुएझपेक्षा साधारण ४० टक्के जवळचा आहे, हे खरं. चीननं २०१८ मध्ये स्वतःला 'आर्क्टिकजवळचा देश' म्हणवून घेत 'ध्रुवीय रेशीम मार्गा'ची घोषणा केली ती यामुळेच. पण २०२४ मध्ये या मार्गावरून गेलेला एकूण माल ३ कोटी ८० लाख टनांच्या आसपास होता. रशियाचं त्या वर्षाचं उद्दिष्ट होतं ८ कोटी टन. सुएझमधून एरवी वर्षाला १०० कोटी टनांहून खूप अधिक माल जातो. शिवाय उत्तरेकडच्या मालात बहुतांश रशियाचंच तेल, वायू, खनिज असतं. एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा माल जेमतेम ३० लाख टन. कंटेनर जहाजांना ठरलेल्या दिवशी पोहोचावं लागतं आणि बर्फ वेळापत्रक पाळत नाही. त्यामुळे नजीकच्या काळात हा मार्ग सुएझला पर्याय होईल असं मला वाटत नाही. रशियाचा इंधनमाल बाहेर काढायचा रस्ता म्हणून मात्र तो महत्त्वाचा आहे, आणि अणुऊर्जेवरचे आइसब्रेकर फक्त रशियाकडेच असल्यानं त्याच्या किल्ल्याही रशियाच्याच हातात आहेत.

## सगळे मिळून बोलतात कुठे?

आठ देशांची आर्क्टिक कौन्सिल १९९६ मध्ये स्थापन झाली. तिथे मूळनिवासींच्या सहा संघटनांना कायमची जागा आहे, हे तिचं वेगळेपण. लष्करी विषय तिच्या कक्षेबाहेर ठेवलेले आहेत. तेल सांडल्यास काय करायचं, शोधमोहिमा कशा राबवायच्या, प्रदूषण किती, असे विषय ती हाताळते. २०२२ मध्ये अध्यक्षपद रशियाकडे असतानाच युद्ध सुरू झालं आणि बाकी सातही देशांनी बैठकांना जायचं थांबवलं. पुढे काम काही अंशी सुरू झालं, पण दरम्यान फिनलंड आणि स्वीडन नाटोत गेले. आता आठांपैकी सात नाटोचे आणि एक रशिया. सगळ्यात लांब किनारा ज्याचा, तोच एकटा पडलेला, ही स्थिती हवामान संशोधनासाठी तर फारच वाईट आहे. पर्माफ्रॉस्टचा मोठा भाग रशियात आहे आणि तिथली मोजमापं पाश्चात्त्य शास्त्रज्ञांना पूर्वीसारखी मिळत नाहीत.

## तिथल्या माणसांना कुणी विचारलं का?

उत्तर स्वीडनमधल्या किरुना शहराखाली लोखंडाची खाण आहे. खाण पसरत गेली तशी वरची जमीन खचू लागली आणि शहरच हलवायची वेळ आली. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथलं १९१२ साली बांधलेलं, ६७२ टनांचं लाकडी चर्च अख्खंच्या अख्खं चाकांच्या गाड्यांवर चढवून दोन दिवसांत पाच किलोमीटर पलीकडे नेलं. लोक रस्त्यांच्या कडेला उभे राहून बघत होते. त्याच किरुनात २०२३ मध्ये दुर्मीळ मूलद्रव्यांचा मोठा साठा जाहीर झाला. विजेवर चालणाऱ्या मोटारी आणि पवनचक्क्या यांना ती लागतात. तिथल्या सामी लोकांच्या रेनडिअरच्या कळपांची वाट याच भागातून जाते.

तेल नको, हरित ऊर्जा हवी, एवढं म्हटलं की प्रश्न सुटला, असं इथे होत नाही. नॉर्वेच्या फोसेन भागातल्या पवनचक्क्यांमुळे सामी पशुपालकांच्या हक्कांचा भंग झाला, असा निकाल त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये दिला. पवनचक्क्या तोवर फिरू लागल्या होत्या, आणि निकालानंतरही फिरत राहिल्या.

ग्रीनलँडची गोष्टही अशीच पाहायला हवी. तिथे ५७ हजारांच्या आसपास लोक राहतात, बहुतेक इनुइट. २००९ च्या कायद्यानं त्यांना स्वराज्य आहे, खनिजांवर हक्क त्यांचा आहे, आणि सार्वमत घेऊन स्वतंत्र होण्याची मुभाही आहे. अमेरिकेला तिथे लष्करी तळ ठेवायची सोय १९५१ च्या करारानं आधीपासूनच आहे. त्यामुळे 'संरक्षणासाठी बेट हवं' हा युक्तिवाद लंगडा आहे, आणि तिथल्या लोकांना न विचारता त्यांच्या भूमीचा सौदा करू पाहणं तर सरळसरळ अन्याय आहे.

## भारताचा याच्याशी काय संबंध?

संबंध जुना आहे. स्वालबार्ड या नॉर्वेच्या द्वीपसमूहाबाबतच्या १९२० च्या करारात ब्रिटनमार्फत भारतही सामील झाला होता. त्याच स्वालबार्डमधल्या न्यू-ओलेसुंड वस्तीत २००८ पासून 'हिमाद्री' हे भारताचं संशोधन केंद्र आहे. ते चालवणारी राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन संस्था गोव्यात, वास्कोला आहे. २०१३ मध्ये आर्क्टिक कौन्सिलनं भारताला निरीक्षक म्हणून घेतलं, ती बैठक वर सांगितलेल्या किरुनातच झाली. चीन, जपान, दक्षिण कोरिया यांनाही तेव्हाच जागा मिळाली. २०२२ मध्ये भारतानं आपलं आर्क्टिक धोरण जाहीर केलं.

धंद्याचाही संबंध आहे. आर्क्टिक वृत्ताच्या आत असलेल्या रशियाच्या वानकोर तेलक्षेत्रात भारतीय सरकारी कंपन्यांचा मिळून जवळपास निम्मा हिस्सा आहे. त्यात ओएनजीसी विदेश आहे, आणि मुंबईत मुख्यालय असलेल्या भारत पेट्रोलियमची उपकंपनीही. २०२२ नंतर निर्बंधांमुळे या कंपन्यांचा लाभांश रशियातल्या बँकांतच अडकून पडला. आपण आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात करतो, तेव्हा स्वस्त मिळेल तिथून घेण्याचा मोह समजण्यासारखा आहे.

पण याच हिशेबाची दुसरी बाजू पावसाची आहे. वास्कोच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये एक संशोधन मांडलं. कारा समुद्रावरचा उन्हाळ्यातला बर्फ घटतो, तेव्हा वरच्या हवेच्या प्रवाहांत बदल होतात, आणि पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबरमध्ये, मध्य भारतात होणाऱ्या अतिवृष्टीशी त्याचा संबंध असण्याची शक्यता आहे, असं ते सांगतं. ही शक्यता आहे, अंतिम निष्कर्ष नाही. तरीही नाव लक्षात घ्या: कारा समुद्र. साबेत्ताची आणि गिदानची जहाजं ज्या समुद्रातून वाट काढतात, तोच हा. सप्टेंबरअखेर म्हणजे आपल्याकडे सोयाबीन काढणीला आलेलं असतं. त्या वेळी एका रात्रीत शेतात गुडघाभर पाणी साचणं म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

## 'आपण नाही घेतलं तर चीन घेईलच'

हा आक्षेप खोडून काढण्यासारखा नाही. आर्क्टिक एलएनजी २ च्या बाबतीत नेमकं तेच घडलं. पण त्यातून दुसरीही एक गोष्ट दिसते. एकच मोठा खरेदीदार उरला की दर तोच ठरवतो, आणि कमी दरात आर्क्टिकचे नवे प्रकल्प उभे राहणं कठीण होतं. म्हणजे भारतानं घ्यायचं की नाही, याला वजन आहे. आज असलेल्या विहिरींचं तेल घेणं वेगळं आणि वीस-तीस वर्षं चालणाऱ्या नव्या आर्क्टिक प्रकल्पात भांडवल घालणं वेगळं. पहिल्याबद्दल मतभेद असू शकतात. दुसरं करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पैशाच्या दृष्टीनंही ते जोखमीचं आहे, हे वानकोरच्या अडकलेल्या लाभांशानं दाखवून दिलंच आहे.

आणि 'देश एकत्र येऊन काही थांबवूच शकत नाहीत' हेही खरं नाही. आर्क्टिकच्या मधोमध, कुणाच्याही २०० मैलांत न येणारा सुमारे २८ लाख चौरस किलोमीटरचा समुद्र आहे. तिथे व्यापारी मासेमारी सुरू होण्याआधीच ती बंद ठेवायचा करार २०१८ मध्ये झाला आणि २०२१ मध्ये लागू झाला. रशिया, अमेरिका, चीन, युरोपीय संघ, जपान, दक्षिण कोरिया यांच्यासह दहा जणांनी त्यावर सह्या केल्या आहेत. त्याची मुदत १६ वर्षं आहे. २०३७ नंतर कुणी हरकत घेतली नाही तर तो पाच-पाच वर्षांनी पुढे चालू राहील. भारत या दहांत नाही. ज्यांचा खरा संबंध पोहोचतो अशा इतर देशांना निमंत्रण द्यायची तरतूद त्या करारात आहे. २०३७ च्या आत ते निमंत्रण मिळवण्यासाठी दिल्लीनं आतापासूनच प्रयत्न सुरू करायला हवेत.